खाजतंय म्हणजे रंग चढतोय

भाचीच्या लग्नाच्या अल्बममध्ये माझा एकच फोटो आहे आणि तोही पाठमोरा. मी नवरीचा मामा. तिला हाताला धरून मांडवात मीच आणली, मंगलाष्टकांच्या वेळी तिच्या मागे मीच उभा होतो. पण त्या दिवशी माझं तोंड असं काही सुजलं होतं, की फोटो निवडताना ताई फोटोग्राफरला म्हणाली, "मामाचे राहू देत." तिनं उपकारच केले माझ्यावर.

हे झालं केसांना लावलेल्या कलपामुळे. डिसेंबर २०२४ ते मार्च २०२५ असे जवळजवळ चार महिने त्या भानगडीत गेले. कुठल्या डॉक्टरकडे जायचं, तपासणी कसली असते, ती लगेच का होत नाही, आणि नंतर डोक्याचं करायचं काय, हे सगळं ठेचा खात कळत गेलं. आत्ता कुणी डोकं खाजवत मोबाइलवर शोधाशोध करत असेल तर त्याच्यासाठी हे लिहून ठेवतोय.

माझं वय ५१. राहायला कराडला, नोकरी एका पतसंस्थेत. केस पिकायला लागले ते पस्तिशीच्या आतच. आमच्या घराण्यात ते आहेच. लेक बालवाडीत होती तेव्हा तिला आणायला गेलो की शाळेतल्या मावशी आत बघून हाक मारायच्या, "चल गं, आजोबा आले तुझे." तिसऱ्यांदा हे झालं आणि त्याच रविवारी मी सलूनमध्ये जाऊन बसलो. तेव्हापासून सोळा वर्षं, दर तिसऱ्या रविवारी काळी मेंदी, म्हणजे कलपच.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दहा-पंधरा रुपयांची पुडी, प्लॅस्टिकची वाटी, थोडं पाणी आणि एक जुना ब्रश. आमचे सलूनवाले, ज्यांना सगळा वॉर्ड नाना म्हणतो, मानेभोवती डाग पडलेला टॉवेल गुंडाळायचे, कानाच्या पाळ्यांना आणि कपाळाला खोबरेल तेलाचं बोट फिरवायचे, आणि पुढून मागे ब्रश मारत जायचे. मिशी सगळ्यात शेवटी. मग अर्धा तास बाकड्यावर. आम्ही चार-पाच जण ठरलेले होतो. डोक्यावर लेप, खांद्यावर टॉवेल, हातात पेपर, आणि तोंडात उसाचा दर. कुणी लेकीसाठी स्थळं बघत होता, कुणाला ग्रामपंचायतीला उभं राहायचं होतं, एक जण रिटायर होऊन दुसरीकडे चिकटायच्या खटपटीत होता. बापाचे केस काळे असले की मुलगीपण लहान वाटते, असा नानांचा सिद्धांत होता. तो खोटा आहे असं म्हणायची माझी अजून हिंमत नाही.

त्या बाकड्यावर कुणी डोकं खाजवायला लागलं की नाना म्हणायचे, "खाजतंय म्हणजे रंग चढतोय." मीसुद्धा हे वाक्य दुसऱ्यांना ऐकवलंय. शेवटची दोन-अडीच वर्षं माझं डोकं डाय केल्यावर दोन दिवस खाजायचं, कानामागे बारीक पुरळ यायचं, चौथ्या दिवसापर्यंत जायचं. रंग चढत होता, दुसरं काय.

लग्न होतं रविवारी, ८ डिसेंबरला. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून थेट नानांकडे गेलो आणि म्हणालो, "मामा आहे मी नवरीचा, जरा जास्त वेळ राहू दे." तासभर ठेवलं. त्या रात्री झोप अशी लागलीच नाही. शनिवारी हळदीच्या कार्यक्रमात कपाळाची वरची कड लाल झाली, कान गरम आणि जड वाटायला लागले. एक जण म्हणाला हळद भेसळीची असणार. दुसरा म्हणाला झेंडूची फुलं. मेहुण्यांनी मेडिकलमधून ॲलर्जीची गोळी आणून दिली. तिनं झोप आली, बाकी काही नाही. डायचं नाव कुणीच घेतलं नाही, मीही नाही. ज्या गोष्टीनं सोळा वर्षं काही केलं नाही तिच्यावर संशय कसा येणार?

रविवारी पहाटे उठलो तर डोळे उघडेनात. पापण्या पुरीसारख्या टम्म फुगलेल्या, मिशीच्या जागी आग, मान लालबुंद. बायकोनं बघितलं आणि नुसतीच "अगं आई" म्हणून आत गेली. मांडवात फेटे बांधणारा पोरगा आला होता. त्यानं पहिला वेढा घेतला, हात थांबवला आणि म्हणाला, "काका, घाम आलाय का हो?" घाम नव्हता. डोक्यातून पिवळसर पाणी झिरपत होतं. त्यावर पाच-सहा मीटर कापड आवळून बांधलेलं. मुहूर्त बारा पस्तीसचा. भटजींनी "मामा, मुलीला घेऊन या" म्हटलं तेव्हा मला समोरचा पाट धूसर दिसत होता. भाचीनंच माझा हात घट्ट धरला आणि कुजबुजली, "मामा, तीन पायऱ्या आहेत." खरं तर तिनंच मला मांडवात आणलं.

सोमवारी, ९ तारखेला, गावातल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. फी ५०० रुपये. मॅडमनी मला दारातून आत येताना पाहिलं आणि मी खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, "डाय कधी लावला?" मग म्हणाल्या, "लग्नसराईत मामा लोक फार येतात माझ्याकडे."

त्यांनी सांगितलं ते असं. डोक्याची कातडी जाड असते, पापण्यांची अगदी पातळ. त्यामुळे लावलं डोक्याला तरी सूज दिसते डोळ्यांवर, कानांवर, मानेवर. आणि ही ॲलर्जी लगेच येत नाही, एक-दोन दिवसांनी उमलते. म्हणून माणूस हळदीला आणि फुलांना दोष देत बसतो. स्टेरॉईडच्या गोळ्या दिल्या, रोज थोड्या कमी करत न्यायच्या अशा, लावायला मलम, आणि गार पाण्याच्या पट्ट्या. औषधांचे झाले १,१४० रुपये. (गोळ्यांचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. दुसऱ्याच्या कागदावरची स्टेरॉईड आपण घ्यायची नसतात.) "पुडी आणलीय का?" असंही त्यांनी विचारलं. मी कशाला आणतोय. पण ही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे: जाताना रिकामी पुडी किंवा खोकं घेऊन जा. काय लावलं होतं हे डॉक्टरला अंदाजानं ठरवायला लावू नका.

बुधवारी नानांच्या कचऱ्याच्या डब्यातून ती पुडी शोधून काढली. मोबाइलनं फोटो काढून मोठा केला तेव्हा मागची मुंगीच्या अक्षरातली ओळ वाचता आली. पॅराफेनिलिनडायअमीन, थोडक्यात पीपीडी. त्याच्या खाली इंग्रजीत आणि मराठीत सूचना: काही जणांच्या त्वचेला त्रास होऊ शकतो, आधी कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला थोडं लावून चोवीस तास थांबा, दर वेळी थांबा, भुवया-पापण्यांना लावू नका. ही सूचना छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. सोळा वर्षं ती माझ्या डोक्यापासून वीतभर अंतरावर होती. नाना कात्रीनं पुडीचं तोंड कापणार, वाटीत रिकामी करणार, पुडी डब्यात. आणि समजा कुणी बाकड्यावर वाचून दाखवली असती, "दर वेळी आदल्या दिवशी येऊन कानामागे लावून जायचं," तर आम्ही सगळे हसलो असतो.

ऑफिसात गुरुवारी गेलो. चेहरा बघून हजेरी लावणाऱ्या मशीननं मला तीनदा नाकारलं. चौथ्यांदा शिपायानं रजिस्टर पुढे केलं.

सूज आठ दिवसांत गेली. डोक्यावरच्या खपल्या जायला पंधरा-सोळा दिवस लागले, आणि २४ डिसेंबरला गोळ्या संपल्या. मॅडम म्हणाल्या, यापुढे काळी मेंदी आणि कुठलाही पक्का डाय बंद. मी म्हणालो, मग साधी मेंदी? त्या म्हणाल्या, "साधी चालेल बहुतेक. पण बहुतेकवर जायचं नसेल तर पॅच टेस्ट करून घ्या." कुठल्या एका पदार्थाची ॲलर्जी आहे हे त्यातून कळतं. शहरातल्या खासगी दवाखान्यात तिला साडेतीन हजार सांगितले. सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात अगदी थोडक्यात होते, फक्त फेऱ्या माराव्या लागतात. मी फेऱ्या निवडल्या.

गुरुवारी, २ जानेवारीला, पहिली फेरी. एसटीनं सव्वा तास. तोपर्यंत जवळजवळ महिनाभर डाय नसल्यामुळे मुळाशी बोटाच्या पेरापेक्षा कमी, पण चांगला दिसेल असा पांढरा पट्टा आला होता. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतात, तेवढाच. खपल्यांमुळे कंगवा नीट फिरत नव्हता, मिशी अर्धी पांढरी, अर्धी गंजल्यासारखी. कंडक्टर आला आणि न विचारता मशीनवर बोट ठेवून म्हणाला, "आजोबा, हाफ ना? आधार दाखवा." एसटीत पासष्टच्या पुढे अर्धं तिकीट असतं. मी एक्कावन्नचा. "फुल द्या," म्हणालो. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की म्हातारा आधार कार्ड विसरलाय आणि कबूल करत नाही.

रुग्णालयात साडेआठला पोहोचलो. आधी केसपेपर काढायचा. तिथं भिंतीवर क्यूआर कोड लावलेला असतो. मोबाइलमध्ये आभा क्रमांक (सरकारी आरोग्य ओळख क्रमांक) असेल तर तो स्कॅन करून टोकन घेता येतं आणि नाव-पत्ता सांगायची रांग वाचते. माझं ते आधीच काढलेलं होतं. ज्यांचं नाही त्यांनी घरीच काढून जा, तिथं रेंज नसते. केसपेपरचे २० रुपये, सुट्टे. मग त्वचारोग विभाग पहिल्या मजल्यावर, आणि तिथली रांग दोन तास. जाताना गावातल्या मॅडमचा कागद, औषधांची नावं आणि ती पुडी एका पिशवीत घालून नेली होती. पुडी बघून निवासी डॉक्टर खूश झाला. पंचविशीतला पोरगा, डोळ्याखाली जागरणाची काळी वर्तुळं. म्हणाला, "काका, असं कुणी आणत नाही."

टेस्ट लगेच होत नाही. स्टेरॉईडच्या गोळ्या पोटात असताना शरीर गप्प बसलेलं असतं, टेस्ट खोटी येते. गोळ्या बंद होऊन पुरेसे दिवस जावे लागतात आणि अंगावर पुरळ नको. शिवाय ती सोमवारीच लावतात, कारण सोमवारी लावायची, बुधवारी काढून वाचायची, शुक्रवारी पुन्हा वाचायची. मध्ये सरकारी सुट्टी आली की आठवडा गेला. मला तारीख मिळाली २७ जानेवारी. सूचना त्यानं केसपेपरच्या पाठीमागे लिहून दिल्या: पाठीला तेल, मलम काही लावायचं नाही, बुधवारपर्यंत पाठ ओली करायची नाही, घाम येईल असं काम नको, रोजची बीपी-शुगरची औषधं बंद करायची नाहीत, दुसरं काही नवीन घेतलं तर आधी फोन. मी ऑफिसात तीन अर्ध्या रजा टाकल्या. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं यावर दहा मिनिटं गेली. शेवटी "वैद्यकीय" लिहिलं.

सोमवारी टेस्टच्या खोलीत पाच जण होतो. एक सिमेंटच्या कामावरचा गवंडी, हात भेगाळलेले. एक मुलगी, कानातल्यानं कान चिघळलेली. एक नर्स, हातमोज्यांची ॲलर्जी असावी अशी शंका. आणि माझ्यासारखाच अजून एक, कपाळावर काळपट डाग राहिलेला. आमचं दोघांचं न बोलता कळलं. संमतीपत्रावर सही घेतली, पैसे भरले (केसपेपर धरून सगळं पाचशेच्या आत झालं), आणि शर्ट-बनियन काढून पालथं झोपवलं. चिकटपट्टीवर छोट्या ॲल्युमिनिअमच्या वाट्या असतात, शर्टाच्या बटणाएवढ्या. प्रत्येकीत व्हॅसलीनसारख्या मलमात मिसळलेला एकेक पदार्थ: निकेल, क्रोमियम, सुगंधी द्रव्यं, रबरातली रसायनं, आणि त्यातच पीपीडी, एक टक्का. माझ्या पाठीवर अशा वीस वाट्या दोन ओळींत चिकटवल्या आणि मार्करनं आकडे टाकले. सिस्टर म्हणाल्या, "भिंतीला पाठ घासायची नाही हं." हे त्या का म्हणाल्या ते मंगळवारी रात्री कळलं. पाठीच्या एका ठिकाणी, उजव्या बाजूला वरून तिसऱ्या वाटीखाली, अशी खाज सुटली की मी उशी छातीशी धरून पालथा पडून राहिलो. बायको म्हणाली, "रंग चढतोय." हसू पण येईना.

जुना सुती बनियन आणि ढगळ शर्ट घाला, आणि हे सगळं हिवाळ्यातच उरकून घ्या. मे महिन्यात दोन दिवस अंघोळीशिवाय आणि घामाशिवाय राहणं आपल्याकडे कुणाला जमेल असं वाटत नाही.

बुधवारी पट्ट्या काढल्या. अर्धा तास तसंच बसवलं, म्हणजे नुसत्या पट्टीची लाली उतरते. मग दोन ठिकाणं लाल दिसली. एक सुगंधी द्रव्याचं, फिकट. दुसरं उजवीकडचं तिसरं. शुक्रवारी गेलो तेव्हा पहिलं विरून गेलं होतं. ती ॲलर्जी नव्हती, नुसती चुरचुर होती. म्हणून दुसरं वाचन चुकवायचं नाही. बुधवारीच घरी बसलो असतो तर आयुष्यभर अत्तराला घाबरलो असतो. उजवीकडचं तिसरं मात्र चढलं होतं. सिस्टरनी मोबाइलवर फोटो काढून दाखवला: रुपयाएवढा लाल उंचवटा आणि त्यावर मोहरीसारखे बारीक फोड. कागदावर लिहिलं, पीपीडी, दोन अधिक.

मी त्या निवासी डॉक्टर पोराला विचारलं, सोळा वर्षं चाललं, मग आत्ताच का? त्यानं केसपेपरच्या कोपऱ्यात एक केस काढला, उभ्या नळीसारखा. पक्क्या डायमधले कण सुरुवातीला इतके लहान असतात की केसाच्या आत शिरतात. तिथं पेरॉक्साइडसारखं काही त्यांच्याशी भिडतं, कण एकमेकांना जोडले जातात, मोठे होतात आणि मग बाहेर येऊ शकत नाहीत. म्हणून रंग टिकतो. पण तेच लहान कण कातडीतही शिरतात. शरीरातल्या पहारेकऱ्यांनी एकदा त्यांना ओळखलं की विसरत नाहीत, आणि दर वेळी डायसोबत ती ओळख पक्की होत जाते. "दोन वर्षं खाजत होतं ना, तेव्हाच ओळख झाली होती," तो म्हणाला. मी काही बोललो नाही.

ही युक्ती तशी शंभर वर्षांहून जुनी आहे. पॅरिसमध्ये यूजीन श्युलर नावाच्या तरुण रसायनतज्ज्ञानं १९०७ मध्ये केसांचा रंग बनवून विकायला सुरुवात केली आणि १९०९ मध्ये कंपनी काढली. तीच पुढची लॉरिआल. तिच्या पहिल्या फ्रेंच नावाचा अर्थ होता "केसांच्या निरुपद्रवी रंगांची कंपनी". म्हणजे उपद्रवाची काळजी लोकांना तेव्हाही होतीच. युरोपात आज डोक्यावर लागणाऱ्या मिश्रणात पीपीडी दोन टक्क्यांच्या वर चालत नाही.

डॉक्टरनं एक छोटा कागद दिला, तो मी लॅमिनेट करून पाकिटात ठेवलाय. त्यावरच्या दोन-तीन गोष्टी मला नवीन होत्या. "अमोनिया नाही" असं खोक्यावर लिहिलं म्हणजे पीपीडी नाही असं नव्हे. कधी कधी पीपीडीऐवजी त्याचा चुलतभाऊ टोल्यूइन डायअमीन वापरलेला असतो, तोही अनेकांना बाधतो. जत्रेत हातावर काढतात त्या काळ्या मेंदीच्या टॅटूपासून लांब राहायचं, आणि पोरांनाही लांब ठेवायचं. दाताच्या डॉक्टरकडे किंवा कुठलंही सल्फाचं औषध घेताना ही ॲलर्जी सांगायची, कारण काही औषधांशी तिचं नातं निघू शकतं.

फेब्रुवारी महिना पांढऱ्याचा गेला. अर्धे काळे, अर्धे पांढरे बरे दिसेनात म्हणून नानांना म्हटलं मशीन मारा, बारीक करा. माझं डोकं बारीक झालेलं बघून पहिल्या दिवशी तीन जणांनी हळू आवाजात विचारलं, "कोण गेलं घरात?" चौथ्यानं विचारलंच नाही, नुसताच पाच मिनिटं माझ्याबरोबर गप्प उभा राहिला. हे ज्यांना करायचंय त्यांनी आधी चार लोकांना सांगून ठेवा.

पांढरेच ठेवावेत असं बायकोचं आणि लेकीचं मत. माझं मन होईना, खोटं कशाला बोलू. मग लेकीनं मेंदी आणि नीळ हा प्रकार शोधून काढला. आधी नुसती मेंदी, तिनं पांढरे केस केशरी होतात. मग निळीच्या झाडाच्या पानांची पूड, ती केशरीवर बसली की काळपट तपकिरी. दोन्ही पाल्याचीच पूड. पण विकत घेताना मागचा मजकूर वाचायचा: मेंदीच्या पाकिटावर लॉसोनिया इनर्मिस आणि निळीच्या पाकिटावर इंडिगोफेरा टिंक्टोरिया, एवढंच पाहिजे. "हर्बल काळी मेंदी" लिहिलेली चार पाकिटं मी दुकानात उलटून पाहिली, त्यातल्या तिघांत आमचा पाहुणा, पीपीडी, होताच. आमच्या दुकानदाराकडे राजस्थानातल्या सोजतची मेंदी होती, शंभर ग्रॅम ८० रुपये. नीळ १५०. दोन्ही आधी कोपराच्या आत लावून दोन दिवस बघितलं. आता चोवीस तास थांबायला मला हसू येत नव्हतं.

पहिला प्रयत्न शनिवारी, २२ मार्चला. चहाच्या पाण्यात मेंदी रात्रीच लोखंडी कढईत भिजवली होती, सकाळी लावली, तीन तास ठेवली. धुतली तर डोकं गाजराचं. बायको म्हणाली, "मेंदी एवढी रंगली, सासू प्रेमळ असणार." इथपर्यंत बरोबर होतं. चूक पुढे झाली. मेंदीसारखीच नीळही मी आदल्या रात्री भिजवून ठेवली होती. नीळ अशी थांबत नाही. कोमट पाण्यात कालवायची, दहा-पंधरा मिनिटांत हिरव्यावर निळसर झाक आली की लगेच लावायची. रात्रभरात तिचा जोर जातो. लिंबू-दही काही घालायचं नाही. रविवार मी गाजरच राहिलो. सोमवारी ऑफिसात टोपी घालून बसलो, आणि संध्याकाळी दुसरं पाकीट आणून नीट केलं. वास मात्र सांगून ठेवतो, फ्रिजमध्ये विसरलेल्या मेथीच्या जुडीसारखा येतो. आणि धुतल्यावर केस हिरवट दिसतात. घाबरून पुन्हा शाम्पू करू नका. हवा लागून दीड-दोन दिवसांत हिरवटपणा जातो आणि रंग गडद होतो. गुढीपाडव्याला, ३० मार्चला, माझे केस काळपट तपकिरी होते आणि कानामागे एक पुरळ नव्हतं.

यात पाच तास जातात, आणि महिन्यातून एक रविवार संपतो. डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून बसलं की माणूस वाचत बसतो. तशात कळलं, की वराहमिहिरानं सहाव्या शतकात, बृहत्संहितेत केस काळे करायची कृती लिहून ठेवलीय: कोद्र्याचे तांदूळ आंबट पाण्यात लोखंडाच्या भांड्यात लोहचूर्णासह शिजवायचे, वाटून डोक्याला लावायचे, ओली पानं गुंडाळायची, दोन प्रहर थांबायचं, मग ते काढून आवळ्याचा लेप, पुन्हा पानं, पुन्हा दोन प्रहर. दोन प्रहर म्हणजे सहा तास, आणि हे दोनदा. त्या प्रकरणाची सुरुवातच अशी आहे, की डोकं पांढरं असलेल्या माणसाला हार, अत्तर, कपडे, दागिने काही शोभत नाही. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्याला पण कुणीतरी आजोबा म्हटलं असणार."

मिशी मात्र मी सोडून दिली. तिथंच सगळ्यात जास्त आग झाली होती, आणि नाकाखाली मेथीचा वास तासभर सहन होत नाही. केस गडद, मिशी पांढरी. लेक म्हणते शोभते.

नानांकडे अजून जातो, कटिंगला. गेल्या महिन्यात बाकड्यावर आमच्यातलाच एक जण लेप लावून बसला होता, ज्याच्या मुलीचं जमत आलंय. पेपर खाली ठेवून तो कानामागे खाजवायला लागला. मला म्हणाला, "आज जरा जास्तच चावतंय." नाना माझ्या मानेवर वस्तरा फिरवत होते. सवयीनं म्हणाले, "खाजतंय म्हणजे—" आणि आरशात आमची नजरानजर झाली. त्यांनी वस्तरा खाली ठेवला, ओल्या हातानंच त्याला दंडाला धरून उठवलं आणि मोरीकडे नेलं. "चल, आधी धू ते. पैसे देऊ नको आजचे." मी अर्धी मान साबणात तशीच घेऊन बसलो, आणि आत नळ बराच वेळ वाहत होता.